एका कीबोर्डवर दोघं

माझ्या क्लासच्या पाटीवर 'टंकलेखन व संगणक प्रशिक्षण' एवढंच लिहिलेलं होतं. 'खेळ' हा शब्द तिथे लिहायची माझी छाती नव्हती. पण आज नगरच्या कापड बाजारात किंवा स्टँडवर एखादा जुना विद्यार्थी भेटला, तर तो मला अर्जाचे नमुने आठवतात का, असं कधीच विचारत नाही. केस पिकलेला, पोट सुटलेला तो गृहस्थ आधी इकडेतिकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "मॅडम, रणगाडे आठवतात का?"

न आठवायला काय झालं! नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. माळीवाडा स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, सायकलच्या दुकानाच्या वर माझा टायपिंगचा क्लास होता. टाईपरायटरचे दिवस भरत आलेत हे दिसत होतं, म्हणून मी चार संगणक घेतले. जोडणी करायला आलेल्या माणसाने चारही यंत्रं एका काळ्या केबलने एकमेकांना जोडली. ही केबल म्हणजे धुणं वाळत घालायच्या दोरीसारखी. एका टोकाला ढिली झाली की चारही यंत्रं मुकी. जोडणी नीट झाली का हे बघायला त्याने एक खेळ टाकला आणि जाताना काढायला विसरला. माझ्या क्लासची कीर्ती त्या विसरण्यावर उभी आहे.

खेळ साधा होता. वरून दिसणारं मैदान, विटांच्या भिंती आणि प्रत्येक संगणकाचा एक रणगाडा. समोरच्याचा रणगाडा उडवायचा, बस्स. नगरच्या माणसाला रणगाड्याचं अप्रूप नाही. लष्कराच्या मैदानाकडून येणारे तोफांचे आवाज ऐकतच आम्ही मोठे झालो. पण स्वतःच्या हाताने रणगाडा चालवायचा म्हटल्यावर शहाणीसुरती माणसं वेडी झाली.

सकाळी संगणकाच्या बॅचेस, दुपारी टायपिंग. संध्याकाळी मात्र यंत्रं रिकामी राहायची आणि रिकामं यंत्र क्लासवाल्याच्या डोळ्यांत सलतं. म्हणून संध्याकाळचा वेळ मी रणगाड्यांना दिला. पण यंत्रं चार आणि जिन्यावर उभी माणसं त्याच्या तिप्पट. मग मी एकेका कीबोर्डवर दोघं दोघं बसवले. एकाने उजवीकडच्या बाणांनी रणगाडा चालवायचा, दुसऱ्याने डावीकडच्या अक्षरांनी तोफ फिरवून गोळा सोडायचा. जागेच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती. तिच्यात काही तत्त्वज्ञान आहे असं तेव्हा मला वाटलं असतं, तर मी स्वतःलाच हसले असते.

अडचण अशी होती, की त्या काळच्या कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली की तो 'पीं' करून रुसून बसायचा. दोघांनीही घाई केली, की रणगाडा जागच्या जागी ठप्प. समोरचा मग आरामात येऊन उडवायचा. त्यानंतर आपल्याच जोडीदाराशी जी भांडणं व्हायची, ती खालच्या सायकलवाल्याला ऐकू जायची.

या सगळ्यांत दोन हिरे होते.

एक नामदेव बडे. पाथर्डीकडचा, एसटीत कंडक्टर. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. घरातला हा पहिला नोकरीला लागलेला. दोन फेऱ्यांच्या मध्ये वेळ मिळाला की खाकी कपड्यांतच जिना चढून यायचा, तिकिटांची पेटी दोन पायांच्या मध्ये घट्ट धरायचा आणि बाणांवर बोटं ठेवायचा. रणगाडा असा चालवायचा, की जणू गाडीत उभी माणसं आहेत आणि कुणाला धक्का लागता कामा नये.

दुसरा पंकज मुथा. कापड बाजारातल्या दुकानदाराचा मुलगा, कॉमर्सला शिकणारा. त्याची तोफ चुकत नसे. हा कोपऱ्यात लपलेल्या रणगाड्यालाही उडवायचा आणि ते कसं, हे कुणालाच कळत नसे. कुणी मागे येऊन उभं राहिलं की तो खेळ थांबवून रुमालाने हात पुसत बसायचा.

बड्याचंही तेच. समोरच्याने गोळा सोडला, की बडे नेमका त्याच क्षणी बेधडक बाहेर यायचा. का, ते सांगायचा नाही. "कसं ओळखतोस रे?" विचारलं की म्हणायचा, "ते आपलं आपल्यापाशी हाय, बाई."

दोघंही वेगवेगळ्या जोडीत खेळत आणि एकमेकांचं तोंड बघत नसत. पंकज त्याला 'ए कंडक्टर' म्हणायचा. बडे त्याला 'दुकान' म्हणायचा. "आज दुकान उघडं हाय का बंद?" असं विचारत जिना चढायचा.

मग वैशाली साळवे आली. सिद्धार्थनगरची, डी.एड. करत होती आणि सकाळच्या बॅचला माझ्याकडे संगणक शिकायची. एका संध्याकाळी विसरलेली छत्री न्यायला आली आणि थांबली. तिच्याइतकं वाईट खेळणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पुढे जायचं असलं की ती मागे जायची आणि भिंतीला तोंड लावून उभी राहायची. पण तिची एक सवय सगळ्यांपेक्षा वेगळी होती. बाकीचे हरले की "अरे यार!" म्हणून टेबलावर मूठ मारायचे. ही हरली की मान वळवून जिंकलेल्याला विचारायची, "का?"

"का म्हणजे?" पंकज म्हणाला.

"मी का हरले? तुझा गोळा इकडे आलाच कसा? मध्ये तर भिंत होती."

"शिकवायचा क्लास सकाळी असतो, साळवे. हा खेळ आहे."

ती माझ्याकडे आली. तक्रार करायला नव्हे. "मॅडम, हे सगळे रोज येतात आणि रोज त्याच चुका करतात. यांना कंटाळा येत नाही का?" ती खरंच कुतूहलाने विचारत होती.

मी पंधरा वर्षं टायपिंग शिकवलं होतं. मुलगा क्लास कधी सोडतो, हे मला ठाऊक होतं. नापास झाला की सोडतो, असं लोकांना वाटतं. तसं नाही. आपण का चुकतोय हे कळेनासं झालं की सोडतो. एका बोटाचा दोष कळला, तर तो पोरगा दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधी जिन्यावर येऊन बसलेला असतो. वैशाली बोलली त्यावर मी रात्रभर विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "आजपासून जो जिंकेल त्याने हरलेल्याच्या शेजारी बसून, आपण कसे जिंकलो ते सांगायचं. मगच पुढचा डाव."

एकच गिल्ला झाला. पण यंत्रं माझी होती.

पहिल्या दिवशी सगळे खोटं बोलले. बड्याने एकाला सांगितलं, "देवाचं नाव घेऊन बटन दाबायचं." पंकज तर वैशालीच्या शेजारी गंभीर चेहरा करून बसला. "हे बघ, भिंतीच्या अगदी जवळ जायचं, तोफ सरळ ठेवायची आणि मारायचं. भिंत फुटते."

तिने तसं केलं. गोळा भिंतीवर आपटून सरळ मागे आला आणि तिचा स्वतःचाच रणगाडा उडाला. वर्ग खोखो हसला. मला पंकजचा कान धरावासा वाटला. वैशाली मात्र हसली नाही, रडली नाही. पडद्याकडे बघत राहिली.

"गोळा परत आला," ती म्हणाली. "म्हणजे भिंतीवरून उडतो. सरळ मारला तर सरळ परत येतो. मग तिरका मारला तर तिरका जाईल... कोपऱ्याच्या पलीकडे!"

पंकजचं हसू जिथल्या तिथे विरलं. महिनोन्महिने जिवापाड जपलेलं गुपित त्याने चेष्टेच्या नादात स्वतःच फोडलं होतं. मागून बड्याचा आवाज आला, "दुकान लुटलं गेलं, रे!"

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग तिरके गोळे मारत होता.

मग मी आणखी एक केलं. फळ्यावर जोडीचे गुण लिहायचे ते दोघांतल्या कच्च्याचे. दोघांनी एक डाव आपापल्या जागी खेळायचा, एक जागा बदलून. चालकाने तोफ सांभाळायची, तोफवाल्याने चालवायचं. ज्या डावात कमी गुण, ते जोडीचे. आणि जोड्या लावायच्या मी. बडे आणि पंकज यांची जोडी मी मुद्दाम लावली, हे आता सांगायला हरकत नाही.

चार दिवस ते दोघं फळ्यावर सगळ्यांत खाली होते. कीबोर्ड सारखा 'पीं' करायचा. बडे म्हणायचा, "तू थांब की!" पंकज म्हणायचा, "तूच थांब!" दोघंही थांबायचे आणि मरायचे.

शेवटी बडेच वैतागला. "ए, हे बघ. आमच्या गाडीत ड्रायव्हर म्होरं, म्या मागं. मधी पन्नास मानसं. आमी काय वरडून बोलतो व्हय? एक घंटी म्हंजी थांब. दोन घंट्या म्हंजी चल. म्या टेबलावर एकदा वाजिवलं की समजायचं माझी गाडी थांबली, तू गोळा सोड. गोळा सुटला की तू दोनदा वाजीव. म्या निघतो."

टक्. गोळा. टक् टक्. रणगाडा निघाला. कीबोर्ड एकदाही रुसला नाही. त्या संध्याकाळी ते दोघं कुणाकडूनच हरले नाहीत. जाताना पंकज म्हणाला, "उद्या कितीची फेरी आहे, बडेभाऊ?" 'कंडक्टर'चा 'बडेभाऊ' कधी झाला हे त्याला स्वतःलाही कळलं नसावं. महिन्याभरात चारही टेबलांवर घंट्या वाजू लागल्या. खालचा सायकलवाला विचारायचा, "मॅडम, वर काय देऊळ काढलंय का?"

आणि बड्याने आपलं गुपितही सांगून टाकलं. गोळा सोडल्यावर नवा गोळा भरताना बारीकसा 'खट्' आवाज येतो. तो येईपर्यंत समोरचा मारूच शकत नाही. गर्दीत सुट्ट्या नाण्यांचा आवाज ओळखणाऱ्या माणसाचे कान ते. हे सांगताना तो जरा घुटमळला होता. सांगून झाल्यावर मात्र, "अजून काय इचारायचंय?" म्हणत तासभर बसला.

संकट आलं ते पंकजच्या वडिलांच्या रूपाने. मुथाशेठ धोतर सावरत जिना चढून आले आणि दारातच गरजले, "बाई, तुम्ही पोरांना शिकवता की नादाला लावता?"

मी म्हटलं, "शेठजी, आधी बसा. बघा. मग घेऊन जा."

ते पंख्याखाली बसले. समोर पंकज एका नवीन मुलाच्या शेजारी बसून सांगत होता, "नाही नाही, घाबरू नको. परत एकदा कर. आता बघ, तोफ थोडी डावीकडे. थोडीच. हां! आलं की नाही?" मुलगा चुकत होता, पंकज पुन्हा सांगत होता. शेठजी बराच वेळ बघत राहिले.

"हा रोज असाच बोलतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"दुकानात गिऱ्हाईकाने दुसरा तागा दाखव म्हटलं, तरी याचं तोंड वाकडं होतं." ते उठले. "दिवाळीचा हंगाम सुरू झाला की मला परत द्या. तोवर राहू दे."

मला हायसं वाटलं. शेठजींनी पंकजला नेलं असतं, तर शहरातल्या निम्म्या पालकांनी आपापली मुलं नेली असती. सकाळच्या बॅचसकट क्लास बंद पडायला वेळ लागला नसता.

आता नाशिकची गोष्ट. आम्हाला संगणकाचं सामान पुरवणारा माणूस नाशिकच्या एका क्लासलाही सामान द्यायचा. तिथेही हाच खेळ चालतो आणि ती पोरं स्वतःला अजिंक्य समजतात, असं त्याने येऊन सांगितलं. वर काडी टाकली, "टेलिफोनवरून सामना लावा. जो क्लास जिंकेल त्याला माझ्याकडून रंगीत मॉनिटर." आमचे चारही पडदे काळे-पांढरे होते. रंगीत म्हटल्यावर माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

टेलिफोनवरून सामना म्हणजे काय, ते सांगते. मोडेम नावाची एक डबी असते. ती संगणकाचं बोलणं शिट्ट्यांमध्ये बदलून फोनच्या तारेतून पलीकडे पाठवते. दोन गावांतले दोन संगणक असे जोडता येतात, पण डाव चालू असताना त्या फोनवर बोलता येत नाही. डाव संपला की तार सोडायची, मग पुन्हा साधा फोन करून माणसांनी बोलायचं. इकडे एक जोडी, तिकडे एक जोडी. पाच डाव. बडे आणि पंकज बसणार, हे ठरलेलंच होतं.

रविवारी सकाळी क्लासमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आणि बड्याचा पत्ता नव्हता. एक माणूस निरोप घेऊन आला: ऐनवेळी कुणी तरी रजेवर गेलं आणि बड्याला जादा फेरी लागली.

पंकजचा चेहरा पडला. त्याने सगळ्यांकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "साळवे, तू बस."

"मी? अरे, मी सगळ्यांत..."

"तू सगळ्यांत कच्ची होतीस. आता नाहीस. बस."

मोडेमने किंचाळून शिट्ट्या मारल्या आणि पडद्यावर नाशिकचा रणगाडा उगवला. आमच्याकडे टाळ्या पडल्या. त्या तिथेच थांबल्या. पहिला डाव गेला. दुसराही गेला. पंकजची तोफ, जी कधी चुकत नसे, ती नाशिकच्या रणगाड्याच्या पोटात गोळा मारत होती आणि गोळा आरपार जात होता. जणू रणगाडा नव्हेच, सावली. पंकज घामाघूम झाला. "फसवताहेत! काही तरी केलंय त्यांनी!"

एवढ्यात जिन्यावर बूट वाजले. बडे धापा टाकत आला. "गाडी लागलीय स्टँडवर. च्या पिऊन निघायचंय. काय झालं?"

वैशाली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "दादा, दिसतोय तिथे मारला तर लागत नाही. पण मघाशी याचा नेम चुकला, पुढे मोकळ्या जागेत गोळा गेला, तेव्हा मात्र ते एकदम वळून पळाले. असं का?"

मग तीच म्हणाली, "तार लांबची आहे. आपल्याला दिसतंय ते शिळं आहे. ते पुढे गेलेले असतात."

"आगं, बरुबर!" बडे ओरडला. "आमी तेच करतो. स्टॉप दिसल्यावर घंटी मारली, तर गाडी थांबंस्तोवर स्टॉप मागं जातो. म्हून स्टॉप यायच्या आदीच घंटी मारायची. पंकज, त्याच्यावर न्हाई, त्याच्या म्होरं मार! वाईच म्होरं!"

तिसरा डाव आम्ही जिंकला. चौथा जिंकला तेव्हा खालचा सायकलवालाही वर आलेला होता. बड्याला जाववेना, पण प्रवासी खोळंबले असते. दारातून "म्होरं मार रं!" असं ओरडत तो जिना उतरला.

दोन-दोन. शेवटचा डाव बाकी. तार सोडली आणि लगेच फोन वाजला. नाशिकचं पोरगं होतं. पंकजने फोन घेतला. आम्हाला फक्त त्याचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हॅलो... हो, मीच... कसं म्हणजे? अरे, दिसतं तिथे नसतो आपण. तार लांबची आहे ना. थोडं पुढे मारायचं... नाही, इतकं नाही, रणगाड्याच्या लांबीइतकंच... हो. आणि गोळा भरताना 'खट्' वाजतं, ते ऐक... बरं. चल, लाव."

फोन ठेवून तो वळला, तर अख्खा वर्ग त्याच्याकडे आ वासून बघत होता.

"अरे शहाण्या!" वैशाली म्हणाली. "अजून एक डाव बाकी होता!"

पंकज गोंधळला. खरंच गोंधळला. "त्याने विचारलं," तो म्हणाला. "आपण जिंकलो होतो ना? मग सांगायला नको?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. रंगीत मॉनिटर माझ्या डोळ्यांसमोरून तरंगत नाशिककडे निघाला होता. पण नियम माझाच होता.

शेवटचा डाव असा झाला, की तसा मी पुन्हा पाहिला नाही. दोन्ही बाजूंना आता सगळं ठाऊक होतं. टक्, टक् टक्. गोळे भिंतीवरून उडत होते, कुणी कुणाच्या हाती लागत नव्हतं. आणि मग नाशिकचा एक गोळा दोन भिंतींवरून आपटून आला आणि आमचा रणगाडा उडाला. दोन भिंतींवरून! हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पंकजने मूठ मारली नाही की काही नाही. त्याने फोन उचलला, नाशिकचा नंबर फिरवला आणि पलीकडून आवाज येताच विचारलं, "दोन भिंती? कसं काय?"

मॉनिटर नाशिकला गेला. दोन-चार वर्षांनी घरोघरी स्वतंत्र संगणक आले, प्रत्येकाच्या कानाला स्वतःचा हेडफोन लागला आणि माझे संध्याकाळचे बाक ओस पडले. त्याची रुखरुख आजही आहे. बडे पुढे वाहतूक नियंत्रक झाला. पंकजच्या दुकानात गिऱ्हाईक उठता उठत नाही. वैशाली घोडेगावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते; ती मुलांना जोडीजोडीने बसवते, असं ऐकते.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो सामन्यानंतरचा एक रविवार. दोन भिंतींवरून गोळा कसा मारायचा हे फोनवर सांगून कळेना, म्हणून नाशिकची पोरं थेट एसटीने नगरला आली. येताना द्राक्षांची पेटी घेऊन आली. बड्याने रजा टाकली होती. मुथाशेठनी सगळ्यांसाठी भेळ पाठवली. मी स्वयंपाकघरात, म्हणजे क्लासच्या मागच्या खोलीत, स्टोव्हवर चहाचं मोठं पातेलं चढवलं होतं. बाहेर आरडाओरडा, हसणं, टेबलांवर घंट्या. मध्येच एवढा मोठा जल्लोष झाला, की मी हातात गाळणी घेऊनच धावत बाहेर आले.

"कोण जिंकलं? नगर की नाशिक?"

चारही कीबोर्डवर एक पोरगं नाशिकचं आणि एक आमचं, असे ते मिसळून बसले होते. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वैशालीने बोटं मोजायला घेतली, मग सोडून दिली.

"मॅडम," ती म्हणाली, "ते ठरवायचं राहूनच गेलं."